माजघरातला नाडा

माझ्या आईची कंबर माझ्यामुळं गेली, हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी भीत भीत सुचवायला नको. एकवीस वर्षं तिनं मला उचललं. सकाळी बाजेवरून मोरीत, मोरीतून ओट्यावर, ऊन चढलं की ओट्यावरून माजघरात, मग जेवायला, झोपायला, आणि परत मोरीत. तान्ही होते तेव्हा उचललं, परकर-पोलक्यात गेले तेव्हा उचललं, आणि साडी नेसायला लागले, म्हणजे ती नेसवायला लागली, तेव्हाही तसंच. फरक एवढाच की मी भरत होते आणि ती वाळत होती. मला उचलताना तिच्या तोंडून ‘हं’ असा एक आवाज यायचा. लहानपणी तो आवाज नव्हता. तो कधी सुरू झाला ते मला आठवत नाही, आणि घरात तो कुणी ऐकला असंही वाटत नाही. जे रोज होतं त्याच्याकडं आमच्याकडं कुणी कान देत नसे.

माझ्या वेळी आई दोन दिवस अडली होती. मी निळी पडून आले आणि रडलेच नाही. मग पोरीच्या अंगावरून वारं गेलं, असं सगळे म्हणायला लागले आणि तेच नाव पक्कं झालं. दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले, गुडघे वाकलेले, उजव्या हाताची मूठ कायम आवळलेली, मान तिच्या मर्जीची. डावा हात मात्र चांगला होता, आणि डोकं तर फारच चांगलं होतं. हे मीच सांगते, कारण ते तपासायची तसदी दुसऱ्या कुणी घेतली नव्हती. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शाळेतून आला की पुस्तक माझ्यासमोर टाकून खेळायला पळायचा. त्या पुस्तकांवर मी वाचायला शिकले, आणि दोन वर्षांनी त्याचा अभ्यास मीच घ्यायला लागले. बोलायचे मी भरपूर, पण शब्द तोंडातून ओले होऊन बाहेर पडायचे. आईला ते सगळे कळायचे, अण्णाला निम्मे, बाकीच्यांना काही नाही. त्यामुळं आल्यागेल्यांना मी बहिरी वाटायचे आणि माझ्यासमोर ते काहीही बोलायचे. मळ्याच्या आसपासच्या सगळ्या भानगडी मला त्यामुळंच माहीत असायच्या.

आमचा मळा देवळाली प्रवरेच्या पुढं, चारी बाजूंनी ऊस. ऊस वाढला की ओट्यावरून काही दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. विहिरीवरचं इंजिन सकाळी खोकून सुरू व्हायचं आणि दुपारपर्यंत एका सुरात चालायचं. कारखान्याचा भोंगा झाला की आई भाकरीचं पीठ काढायची. काटवटीत तिच्या बांगड्या वाजायला लागल्या की माझ्या पोटात भूक जागी व्हायची, ती आजही कुणाच्या बांगड्या तशा वाजल्या की होते. सगळ्यांना भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी असायची, खलबत्त्यात लसूण घालून कुटलेली, लालभडक. मला नाही. मला भाकरी दुधात कुस्करून, वर काकवी घालून, मान मांडीवर मागं टेकवून आई भरवायची, कारण मला ठसका लागायचा. चटणीचा वास तेवढा मी घ्यायचे. आणि दुपारी बाजेवर निजवलं की ती माझ्या गुडघ्यांखाली एक उशी सारायची. शेवरीचा कापूस ओढ्याकाठून स्वतः वेचून आणून तिनं ती भरली होती. उशी दिली की पाय ताणत नसत, कळ थांबे आणि झोप लागे. त्या घरात एवढी मऊ वस्तू दुसरी नव्हती.

अण्णाचं लग्न जामखेडकडच्या मुलीशी झालं. तिकडं पावसाचा भरवसा नाही, म्हणून आमच्या बागायती पाहुण्यांनी जरा नाकं मुरडली. वहिनी उंच, हाडापेरानं रुंद, बोलायला खणखणीत. माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी असेल. नवी सून म्हणून आवाज दबका ठेवायचा असतो हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, किंवा शिकवलं असून तिनं ऐकलं नव्हतं. मला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तिला माझं बोलणं कळत नाही म्हणून मी तिच्याशी बोललेच नाही. खरं सांगायचं तर मला हेवा वाटत होता. माझ्याच वयाची बाई घरात फिरत होती.

लग्नाला पुरतं वर्ष झालं नसेल. एका सकाळी मोरीत आंघोळीच्या दगडावरून मला उचलायला आई वाकली आणि तशीच राहिली. ‘हं’ आलाच नाही. ती हळूहळू ओल्या फरशीवर बसली, मी दगडावरून घसरले, आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता. वहिनी धावत आली आणि तिनं आधी आईला उचललं. मला तसंच ओलं ठेवून ती आईला घेऊन गेली, याचा मला इतका राग आला की थंडी वाजतेय हेही कळलं नाही. मग लुगडं कसंबसं माझ्याभोवती गुंडाळून तिनं अण्णाला हाक मारली. त्यानं तोंड भिंतीकडं करून मला उचललं. भाऊ होता, पण मी एकवीस वर्षांची होते. त्याचे कान लाल झालेले मला जवळून दिसत होते. असलं ओझं मी आधी कुणाला झाले नव्हते.

हाडवैद्यानं आईच्या कमरेला लेप लावला आणि उठायचं नाही, वाकायचं तर आयुष्यात नाही, असं बजावलं. आईची खाट माजघरात माझ्या बाजेसमोर आली. त्या संध्याकाळी दादा, म्हणजे माझे वडील, जेवताना ताटाकडं बघत म्हणाले, “नगरला एक आश्रम हाय म्हनं. अशा मानसांना ठिवून घेत्यात.”

आई खाटेवरून म्हणाली, “माझी पोर आश्रमात जायची न्हाई.”

“मी कुटं आत्ता म्हनतोय. तोड येऊस्तवर बगू. तोड आली की सगळी रानात. मंग हिच्याजवळ कोन? हिला उचलनार कोन?”

दादा कठोर नव्हते. बाजारातून माझ्यासाठी रेवड्या आणायला ते कधी विसरले नाहीत. पण कारखान्याची ऊसतोड मळ्यात आली की आमच्याकडं घरात कुणी उरत नसे, हे खरंच होतं. तोडीला तीनेक महिने होते. माझ्या घरातल्या दिवसांची मुदत मला त्या दिवशी कळली. मी काहीतरी बोलले, ते फक्त आईला कळलं, आणि आईनं ते दादांना सांगितलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी वाट बघत होते की वहिनी येऊन मला उचलेल. ती आली, पदर खोचून बाजेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “वन्सं, मी तुमाला उचलायची न्हाई.”

आईनं खाटेवरून मान वळवली. “काय म्हनालीस?”

“उचलायची न्हाई म्हनले, आत्याबाई. तुमची कंबर गेली, उद्या माझी जाईल. मंग तिसरी कुटून आनायची?” आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, “आमच्याकडं वैरन सरली की गाय बसती. बसली की बसूनच ऱ्हाती. लोक तिला तितंच चारा-पानी नेऊन देत्यात, माया करत्यात, अन् ती मरती. माझे बाबा तसं करत न्हाईत. तिच्या पोटाखालून पोतं घालत्यात, झाडाला दोर बांधत्यात, अन् रोज उभी करत्यात. उभी ऱ्हायली तर जगती. तुमाला एवढी वर्सं काहून कुनी उभं केलं न्हाई?”

मला गाय म्हटलं होतं. तेही बसलेली. मी चार दिवस तिच्या हातचं मुकाट खाल्लं आणि तिच्याकडं बघितलं नाही. तिला त्याचं काही नव्हतं. त्या चार दिवसांत तिनं मला पोत्यावर बसवून मोरीपर्यंत ओढत नेलं, राहुरीच्या बाजारात कांद्याची गोण नेतात तसं. आई खाटेवर रडत होती. मीही रडत होते, पण रागानं. पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पोतं ओढताना तोल जाऊ नये म्हणून मी डाव्या हातानं उंबरा धरते, आणि धरला की माझं अंग तिच्या जोराबरोबर पुढं सरकतं. तिच्याही ते लक्षात आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं ओढ जरा कमी लावली.

नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात पोलिओच्या मुलांना व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, असं अण्णाला कारखान्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरनं सांगितलं. एसटीत अण्णानं मला पाठुंगळी घेऊन चढवलं, मागोमाग वहिनी चढली. मी पहिल्यांदाच एवढ्या लांब जात होते आणि आश्रमाचा रस्ता हाच असेल, या भीतीनं मला बाहेरचं काही दिसलं नाही. दवाखान्यातल्या त्या खोलीच्या भिंतींवर बदकं आणि ससे रंगवले होते. बसायला लाल रंगाच्या बुटक्या खुर्च्या. त्यातल्या एकीत मला बसवलं, आणि समोरचं चारेक वर्षांचं पोर आईच्या पदरामागून माझ्याकडं टक लावून बघत राहिलं. त्याची खुर्ची मी घेतली होती.

बाई पन्नाशीच्या होत्या, पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा. कागद बघून म्हणाल्या, “आमच्याकडं बारा वर्षांपर्यंतची मुलं येतात.”

वहिनीनं विचारलं, “अन् बारा वर्सांनंतर ती कुटं जात्यात?”

बाईंनी चष्मा काढला. “घरी जातात,” त्या म्हणाल्या. मग चष्मा पदरानं पुसत, “मलाही माहीत नाही. कुणी परत येत नाही.”

“आमी आलोय,” वहिनी म्हणाली आणि जागची हलली नाही.

आज माझ्याकडं आठवड्याला एक मुलगी स्कूटीवरून व्यायाम घ्यायला येते. मानेला शेक देते, खांदा मोकळा करते, मला आजी म्हणते. तिनं मला परवा सांगितलं की तिच्या अभ्यासाच्या पुस्तकात माझ्या आजाराची सगळी चित्रं लहान मुलांची होती. मोठ्या बाईचं एकही नाही. जणू आम्ही बाराव्या वर्षी विरघळून जातो. मी तिला म्हटलं, माझा फोटो काढ आणि चिकटव. माझं खुब्याचं दुखणं घेऊन मी डॉक्टरांकडं गेले की ते आधी म्हातारपणाचं म्हणतात, आणि मग जन्माचं म्हणतात, आणि दोन्ही म्हणून झालं की कागद परत देतात. जन्माचं शरीर म्हातारं होताना त्याला काय लागतं, हे कुणाला विचारायचं ते मला अजून सापडलेलं नाही. असो.

तर त्या दिवशी शेवटी बाईंनी मला चटईवर घेतलं. गुडघे किती सरळ होतात, टाच किती टेकते, पाठ किती वाकली आहे, सगळं हातानं बघितलं, आणि प्रत्येक वेळी हात लावायच्या आधी मला सांगितलं. मग अण्णाकडं नाही, वहिनीकडं नाही, माझ्याकडं बघून विचारलं, “तुला काय करता यायला हवंय?” अण्णा माझ्या वतीनं बोलायला लागला. बाईंनी त्याला हातानं थांबवलं आणि त्या वाट बघत राहिल्या. मला शब्द काढायला वेळ लागला. लाळ आली, मान फिरली. त्या तशाच बसून होत्या. मी म्हटलं, “मोरीपर्यंत जायचंय.” त्यांना ते पहिल्यांदा कळलं नाही. त्यांनी परत विचारलं, मी परत सांगितलं, आणि दुसऱ्यांदा कळलं. परक्या माणसाला माझं बोलणं कळलं, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं, आणि त्यासाठी फक्त दोनदा विचारावं लागलं होतं. मला तिथंच मोठ्यानं रडावंसं वाटलं, आणि मी रडले.

त्यांनी सांगितलं ते मला आजही पाठ आहे. जन्मताना मेंदूला इजा झाली, ती वाढत नाही. पण अंग वाढतं, वजन वाढतं, आणि न हलवलेले स्नायू आखडत जातात. आता पळणं होणार नाही, चालणंही बहुधा नाही, उगीच आशा लावत नाही. पण बाजेवरून उठून बसणं, सरकणं, मोरीपर्यंत जाणं होईल. रोज शेक घ्यायचा. रोज तासभर पालथं झोपायचं. जेवताना पाठ सरळ, मान किंचित पुढं, म्हणजे ठसका लागणार नाही. डोक्यावर धरायला काहीतरी टांगायचं. “आणि गुडघ्याखाली काय घेतेस झोपताना?” त्यांनी विचारलं. अण्णानं उशीचं सांगितलं. “ती काढा,” बाई म्हणाल्या. “गुडघे त्या उशीनंच असे वाकून राहिलेत. बरं वाटतं म्हणून देतात सगळे. पण पाय त्याच आकाराचे होतात.”

परतीच्या एसटीत आम्ही तिघं एकाच बाकड्यावर होतो. मग मी वहिनीकडं वळले. लग्नापासूनचा सगळा अबोला सोडून मी तिच्याशी पहिल्यांदा बोलले. मला म्हणायचं होतं, उशीचं आईला सांगू नकोस. तिला तीनदा विचारावं लागलं. कळल्यावर तिनं माझी आवळलेली मूठ तिच्या हातात धरली आणि राहुरी येईपर्यंत सोडली नाही. घरी आल्यावर ती आईला म्हणाली, “बाईंनी सांगितलंय, ही उशी तुमच्या कमरंखाली द्यायची. तुमाला त्याची जास्त गरज हाय.” आईनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. आई उशी घ्यायला तयार नव्हती. पोरीची वस्तू आपण कशी घ्यायची, म्हणून ती दोन दिवस भांडली. मग घेतली. तिला खरं कधी कळलं असेल का, मला माहीत नाही. कळलं असेल तर तिनंही माझ्यापासून लपवलं.

पालथं झोपण्यावरून घर पेटलं. आमच्याकडं पालथं झोपणं अभद्र. लहान पोर झोपेत पालथं वळलं तरी त्याला सरळ करतात. आणि इथं मी दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, वाकळेवर तोंड खाली करून पडलेली. पहिल्या दिवशी दादा घरात आले, मला बघितलं आणि आल्या पावली रानात गेले. आईनं तोंड भिंतीकडं केलं. मला तर पहिल्या आठवड्यात जीव नको झाला. खुब्यात अशी कळ यायची की मी वाकळ दातात धरायचे. वहिनी गरम मिठाच्या पुरचुंडीनं शेक देत शेजारी बसायची आणि मला जामखेडकडच्या गोष्टी सांगायची. ऊसतोडीला जाणारी तिच्या गावची माणसं, कोयता, पाचट, रानातली पालं. तुमच्या ओट्यावरून जो ऊस दिसतो तो आमची माणसं तोडतात, असं म्हणायची. माझ्या लक्षात आलं की तिचा दबका नसलेला आवाज मला आता आवडायला लागला होता. पाठ सरळ ठेवून जेवायला लागल्यावर एका दुपारी तिनं भाकरीच्या तुकड्यावर चटणी लावली आणि माझ्या डाव्या हातात दिली. ठसका लागला नाही. डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाचं.

मग टांगायचा प्रश्न आला. मोटेचा जुना नाडा गोठ्यात पडून होता. इंजिन आल्यापासून मोट बंद झाली होती आणि तो मनगटाएवढा दोर कुणाला नको होता. माझ्या हाताला मात्र जाडच हवा होता, बारीक दोरी मुठीत ठरत नसे. वहिनीनं त्याला वीतवीतभर अंतरावर गाठी मारल्या, गाठींवर जुनं लुगडं गुंडाळलं. पण बांधायचा कुठं? माजघरात छताला एकच जागा होती, आईच्या खाटेच्या आणि माझ्या बाजेच्या मधोमध, तुळईला ठोकलेली पाळण्याची कडी. त्या कडीला अण्णाचा पाळणा लागला होता, माझा लागला होता, आणि आता सगळ्या घराचे डोळे वहिनीच्या पाळण्याकडं होते. रिकामा पाळणा हलवला तरी आमच्या बायका ओरडतात. तिथं त्या कडीला कुणी दोर बांधावा, आणि तोही मूल व्हायच्या आधी घरच्या सुनेनं, हे आईच्या कल्पनेतही बसत नव्हतं.

“खाली उतर,” आई म्हणाली. वहिनी कणगीवर चढली होती. “पोरी, तुला लेकरू व्हायचंय. त्या कडीला दुसरं काय लावू नगस. न्हाई म्हनते मी.”

वहिनी वरूनच म्हणाली, “आत्याबाई, कडी रिकामी हाय. मला लेकरू व्हईल तवा व्हईल. वन्सं आत्ता हायेत.”

आईनं वर कडीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. तिला कुणाची भीती वाटत होती, माझी का न जन्मलेल्या नातवाची, तिलाच कळत नसावं. शेवटी तिनं एक अट घातली. दिवेलागणीला दोर काढायचा, कडी रात्री मोकळी राहिली पाहिजे, आणि सकाळी सडा-रांगोळी झाल्यावर पुन्हा बांधायचा. वहिनीनं ते मान्य केलं. पुढं कित्येक महिने ती रोज दोनदा कणगीवर चढली. वर्षभरानं त्याच कडीला माझ्या भाच्याचा पाळणा लागला, हे सांगते, कारण आमच्या मळ्यात पुढं पुष्कळ दिवस काही बायका भलतंच बोलत होत्या.

सुतारानं माझ्या बाजेचे पाय कापून ती बुटकी केली. बाजेजवळ चौरंग ठेवला. चौरंगापासून मोरीपर्यंत भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर आडवा बांबू ठोकला. नाड्याला धरून उठायचं, बसायचं, पाय खाली सोडायचे, चौरंगावर सरकायचं, तिथून बांबू धरायचा. सांगायला सोपं आहे. पहिले पंधरा दिवस मी नुसती नाड्याला लोंबकळत होते. उठून बसायला लागले तेव्हा मागं पडायचे. मागं पडायची थांबले तेव्हा पुढं पडायचे. वहिनी शेजारी उभी असायची, हात पाठीमागं बांधून, म्हणजे चुकून पुढं येऊ नयेत. तिच्या हनुवटीवर घाम दिसायचा. मोरीपर्यंत मी गेले कधीच नव्हते. चौरंगापर्यंत गेले की दम संपायचा.

आणि तोड आली. पहाटे टोळीच्या गाड्यांच्या चाकांचा आवाज रस्त्यावर ऐकू आला. दादा, अण्णा, वहिनी सगळी रानात. सडा-रांगोळी करून, नाडा बांधून जाताना वहिनी दारात घुटमळली. मी तिला जा म्हटलं. दादा आदल्या संध्याकाळीच आईला म्हणाले होते की हे आटोपलं की नगरला जाऊन विचारून येतो, नुसतं विचारून. मला ऐकू येत नाही असं ते मानत नव्हते, पण मी ऐकते याचा विचारही त्यांच्या डोक्यात नव्हता. नुसतं विचारून येणं म्हणजे काय असतं, हे मला पुरतं माहीत होतं.

दुपारी मला जायची गरज लागली. मी काही बोलले नाही. पण आईला ते माझ्या चेहऱ्यावरून नेहमीच कळायचं, तसं कळलं. “थांब,” ती म्हणाली, आणि उठायला लागली. कोपरावर आली, तोंड वाकडं झालं, तरी पाय खाटेवरून खाली घेतले. मी म्हटलं, “आई, पडून राहा.” ती ऐकेना. मग मी नाडा धरला. तिला माझ्यापर्यंत पोचू द्यायचं नव्हतं, दुसरं काही मनात नव्हतं. पहिल्या गाठीवर उठले, दुसरीवर बसले. पाय खाली सोडले, ते एकमेकांवर चढले, मी डाव्या हातानं ते सोडवले. चौरंगावर आले. दम खाल्ला. बांबू धरला. उभी राहिले म्हणत नाही मी, गुडघे वाकलेलेच होते, पाठ वाकलेलीच होती, पण माझं सगळं वजन माझ्यावर होतं. एक पाय, मग हात, मग दुसरा पाय. इंजिनाचा आवाज चालू होता आणि मी त्याच्या तालावर पाय टाकायचा प्रयत्न करत होते, ते काही जमलं नाही. मध्येच हात सुटला आणि मी भिंतीवर आदळले, खांद्याला खरचटलं. आईनं ‘अगं’ म्हटलं. मोरीच्या उंबऱ्यावर मी बसले आणि बसल्या बसल्या आत सरकले. जे करायचं ते केलं. लुगडं नीट सावरता आलं नाही, ते राहू दिलं.

परत आले तेव्हा किती वेळ गेला होता कोण जाणे. आई खाटेच्या कडेला बसून होती. तिचे दोन्ही हात पुढं केलेले होते, मला उचलताना करायची तसेच. ती सगळा वेळ तशीच बसली असावी. मी बांबू धरत तिच्या समोरून गेले, चौरंगावर आले, नाडा धरला आणि बाजेवर बसले. तिचे हात हळूच खाली आले आणि मांडीवर पडले.

“आश्रमाचं नाव घरात निघायचं न्हाई आता,” ती म्हणाली. “मी सांगते तुझ्या दादांना.” मग तिनं आपल्या हातांकडं बघितलं. “पन मंग मी काय करू गं?”

ती टोमणा मारत नव्हती. ती खरंच विचारत होती. तिला ठणकावून सांगायच्या कितीतरी गोष्टी मी वर्षानुवर्षं जमवून ठेवल्या होत्या, त्यातली एकही मला सुचली नाही. मी म्हटलं, “इकडं ये. बस.”

आई उठली. कंबर सरळ होत नव्हती. दोन पावलांवर तिचा तोल गेला, तिनं भिंतीवरचा बांबू धरला, आणि बांबूला धरून, थांबत थांबत, माझ्यापर्यंत आली. बाजेला टेकली. जागा पुरत नव्हती.

“सरक जरा,” ती म्हणाली.

एकवीस वर्षांत मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी सरकले.